दोष कॅमेऱ्याचाच

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आमच्या ह्यांना सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही ती मनात येते, आणि मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी पुटपुटून उठते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसापुढं निदान चेहरा सांभाळावा लागत नाही.

म्हटलं तर ही एका कॅमेऱ्याची गोष्ट आहे. माझ्या मैत्रिणीसाठी मी निवडलेल्या एका छोट्या कॅमेऱ्याची. चांगला निवडला होता. आजही कुणी नवशिक्यानं विचारलं तर मी तोच सांगेन. मग चूक कुठं झाली? — नाही, चूक म्हणू नये. चूक नकळत होते.

शकू, म्हणजे शकुंतला, ही माझी शेजारीण. नांदेडला आमच्या कॉलनीत तिच्या घराची आणि आमच्या घराची पाठ एकमेकींना लागलेली. मधल्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या इकडून तिकडं जायच्या. तिचं माहेर उमरीचं, शेतीवाडीतलं. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिकवायची सगळंच, पण जीव चित्रकलेत. फळ्यावर खडू न उचलता एका दमात बैल काढायची, असं तिचे विद्यार्थी सांगतात. मी पाहिली ती तिची दिवाळीतली रांगोळी. ठिपके न मांडता काढायची. रेघ अशी सरळ यायची, की बघणाऱ्यानं श्वास धरावा.

रिटायर झाली, आणि तिनं चित्रं सोडली. एकाएकी. आता तर वेळच वेळ होता! मी विचारलं, तर म्हणाली, "कंटाळा आला गं." मी खोलात शिरले नाही. मी तेव्हा माझ्याच नादात होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून नुकतीच मोकळी झाले होते, आणि लेकीनं मला एक छोटा मिररलेस कॅमेरा घेऊन दिला होता. मोठ्या जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो, यात नसतो. म्हणून हा लहान, हलका, पर्समध्ये मावणारा. रविवारी सकाळी मी गोदावरीच्या घाटावर जायचे, कधी विष्णुपुरीच्या पाण्याकडं. शकू माझ्यासोबत येऊ लागली. आधी नुसतीच, मग तिच्या मुलाचा, प्रशांतचा, जुना जाडजूड कॅमेरा गळ्यात अडकवून.

तुम्हाला खरं सांगू? त्या रविवारांइतकी सुखी मी कधी नव्हते. आमचे हे हिमायतनगरला शेतावर असायचे, लेक लांब. शकू आणि मी ऑटोनं जायचो, पायऱ्यांवर बसायचो, फोटो काढायचो, येताना कुठंतरी गरम भजी खायचो. पन्नाशी उलटल्यावर जिवाभावाची मैत्रीण मिळते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तिची नजर! हळद शिजवायच्या दिवसांत आम्ही उमरीला तिच्या भावाच्या शेतावर गेलो होतो. मी आपले पिवळ्या ढिगांचे फोटो काढत बसले. शकूनं ढिगाशेजारी बसलेल्या बाईच्या कानामागं लागलेली हळद टिपली. घाम पुसताना लागली असणार. मला ती बाई दिसली होती. कान दिसला नव्हता.

फक्त फोटो हललेला होता. तिचे सगळेच फोटो हलायचे.

"हे धूड लई जड हाय गं," ती म्हणायची. "मनगट भरून येतं. तुझ्यावाणी लहान घ्यावं म्हणते."

मी हरखले. कॅमेरा कसा निवडायचा, हे विचारायला कुणीतरी माझ्याकडं आलं होतं. मी तिला भरपूर शिकवलं. आकड्यांच्या मागं लागू नको. हातात घेऊन बघ, बोटं नीट बसतात का. रोज सोबत न्यावासा वाटेल तोच आपला. डोळा लावायची खिडकी असलेला घे, उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. एकच साधी लेन्स घे, ती पुरते. ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐकायची. मग एका दुपारी आम्ही दोघी दुकानात गेलो.

इथून पुढचं सांगताना माझं बोलणं अडखळतं. सांभाळून घ्या.

दुकानदारानं काचेच्या काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक चंदेरी, जुन्या घाटाचा, फार देखणा. शकूला तोच आवडला. तिनं तो उचलला, डोळ्याला लावला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढला. हललेला आला. परत काढला, परत तेच. "बघ तू," म्हणून तिनं माझ्या हातात दिला. मी तिथंच उभी राहून तेच घड्याळ टिपलं.

माझा फोटो स्वच्छ आला. घड्याळाच्या काट्यावरची धूळसुद्धा दिसावी इतका.

मी मान वर केली. शकू दुकानदाराचं बोलणं ऐकत होती. तिचा उजवा हात काउंटरच्या काचेवर नुसता ठेवलेला होता. आणि त्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. हळू, एका लयीत. देवाची वात वळताना फिरतो तसा. पण बोटांत कापूस नव्हता. शकूला त्याचा पत्ताही नव्हता.

तो अंगठा मला ओळखीचा होता. माझ्या सासऱ्यांचा तसाच फिरायचा. त्यांना कंपवात होता. कितीतरी वर्षं मी त्यांना भरवलं, अंघोळ घातली, रात्री कूस बदलून दिली. सुरुवात याच अंगठ्यानं झाली होती. मग पावलं जड झाली, मग चेहऱ्यावरचं हसू आटलं. शेवटी शेवटी ते बोलायचे ते मी ओठांवरून ओळखायचे. ते गेले तेव्हा मी रडले, आणि रडताना मनात एकच होतं — सुटले. ते नाही, मी.

म्हणून मला कळलं. शंका आली असं नाही. कळलं.

शकू माझ्याकडं वळली. "कॅमेऱ्यातच दोष हाय ना गं?"

मी काय केलं सांगू? मी काढलेला तो स्वच्छ फोटो तिनं बघायच्या आत पुसून टाकला. बटण दाबलं, 'पुसायचा का?' असं पडद्यावर आलं, हो म्हटलं. मग म्हणाले, "कॅमेऱ्याचाच दोष. यात फोटो स्थिर ठेवायची सोय न्हाई. माझाबी हललाच की."

दुसरा कॅमेरा काळा, साधा होता. त्याच्यात ती सोय होती. आपला हात जिकडं हलेल त्याच्या उलट आतला सेन्सर हलतो आणि फोटो सांभाळून घेतो. शकूनं त्यातून घड्याळ टिपलं. बरंच नीट आलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. सुटकेचं हसू होतं ते. मला वाटलं, नव्या कॅमेऱ्याचा आनंद आहे. तेव्हा तसंच वाटलं.

घरी आल्यावर तिचा कॅमेरा मीच लावून दिला. शटरचा वेग मुद्दाम खूप वाढवून ठेवला. फोटो जरा दाणेदार येतात त्यानं, पण हलत नाहीत. ती म्हणाली, असं का? मी म्हणाले, नवशिक्यांनी असंच ठेवायचं असतं. पुसलेला फोटो एका क्षणाचा घाबरटपणा होता, असं कुणी म्हणेल. पण हे? हे मी चहा पीत, शांतपणे केलं.

मग तिचे फोटो चमकू लागले. विष्णुपुरीला काठावरच्या वाळक्या फांदीवर बसलेला खंड्या तिनं टिपला. चोचीत मासा, माशाच्या शेपटीला थेंब. तो फोटो मोठा करून तिनं बैठकीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "रत्नानं निवडून दिला कॅमेरा." मी हसायचे.

आणि बाकीचंही बघायचे. चालताना तिचा उजवा हात हलेनासा झाला होता. अंगाला चिकटून राहायचा. फोटोंच्या मागं ती गावाचं नाव लिहायची, ते अक्षर बारीक बारीक होत चाललं होतं. एकदा आमच्या गॅसवर दूध करपलं, मी अंगणातून धावत आले; ती शेजारीच बसली होती, तिला वास आला नव्हता. मी एकेक खूण ओळखत होते, आणि रविवार आला की ऑटो ठरवत होते.

घरात एका माणसाला मात्र दिसलं. वैशालीला, तिच्या सुनेला. शिरूर अनंतपाळची पोरगी, कमी बोलणारी. तिला आजाराचं नाव माहीत नव्हतं. पण सासूच्या बशीत चहा सांडतो, ब्लाउजची हुकं लावायला वेळ लागतो, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. एका रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला होते. शकू ताक वाढत होती. वैशाली हळूच म्हणाली, "आई, तुमचा हात थरथरायलाय. एकदा डॉक्टरला दाखवून येऊ."

शकूचा चेहरा उतरला. मग तापला. "मला म्हातारी करायलीस का गं?" ती उठली, बैठकीतला खंड्याचा फोटो काढून आणला आणि ताटांच्या मधोमध ठेवला. "हात थरथरला असता तर हे आलं असतं का? विचार रत्नाला."

सगळे माझ्याकडं बघू लागले. प्रशांतही. मी घास गिळला.

"वैशाली, उगं काहीबाही मनात आणू नको," मी म्हणाले. "मी असा आजार घरात काढलाय. कंप असलेल्या माणसाच्या हातून असा फोटो निघत न्हाई."

प्रशांत बायकोला म्हणाला, "झालं समाधान?" वैशाली मान खाली घालून जेवली.

त्या दिवसापासून त्या घरात ती वाईट ठरली. सासूचं धड असणं जिला बघवत नाही, अशी. शकूनं भावाला सांगितलं, भावजयीनं उमरीभर केलं. एका लग्नात कुणीतरी वैशालीच्या तोंडावर तसं बोललं, आणि मी तिथंच शेजारी अक्षता घेऊन उभी होते. काही दिवसांनी ती भिंतीपाशी आली. मी कपडे वाळत घालत होते. म्हणाली, "मावशी, तुम्ही असं माणूस जवळून बघितलंय. आईंकडं एकदा नीट बघा ना." मी म्हणाले, "बघितलं गं." तिनं थोडा वेळ वाट बघितली, आणि गेली.

का केलं असं? मला वाटतं तुम्ही विचाराल. रविवार जाऊ नयेत म्हणून? हो. ते नाव पुन्हा तोंडात घ्यायची भीती वाटली म्हणून? तेही. मैत्रिणीला ही बातमी देणारी मी होऊ नये म्हणून. आणि एक अजून आहे, ते सगळ्यात खाली आहे. मला माहीत होतं, की एकदा नाव घेतलं की शकू माझी मैत्रीण राहणार नाही, रुग्ण होईल. आणि रुग्ण मला पुन्हा नको होता. दुसऱ्याच्या घरातलासुद्धा नको होता. ही कारणं आहेत. यातलं एकही पुरत नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी घाटाच्या पायऱ्या उतरताना शकूचं पाऊल उचललंच गेलं नाही. मी पुढं होते. आवाज आला म्हणून वळले. ती डाव्या हातावर पडली होती, आणि उजव्या हातानं कॅमेरा छातीशी धरला होता. मनगट मोडलं होतं. मी प्रशांतला फोन केला, ऑटोतून दवाखान्यात नेलं. थोड्या वेळात तो आणि वैशाली दोघंही आली.

हाडांचे डॉक्टर तरुण होते. डाव्या हाताला प्लास्टर घालता घालता त्यांची नजर मांडीवर ठेवलेल्या उजव्या हातावर गेली. अंगठा फिरत होता. त्यांनी तिला बोटं उघडझाप करायला लावली, खोलीतल्या खोलीत चालायला लावलं. मग विचारलं, "हे कधीपासून?"

"काय?" शकू म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं पर्समधून कॅमेरा काढला, एका हातानं, कसाबसा, आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. "डॉक्टर, माझा हात चांगला हाय. फोटो बघा तुम्ही."

त्यांनी बघितले. घाईगडबड न करता, चार-पाच फोटो बघितले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "फोटो फारच सुंदर आहेत, मॅडम. पण आजकालचे कॅमेरे हात हलला तरी फोटो हलू देत नाहीत."

शकूनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती कॅमेऱ्याकडंच बघत राहिली.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? वैशाली दारात उभी होती. तिनं बोलायला हवं होतं. तिचा तो हक्क होता. ती बोलली नाही. बोलले ते मी. "मी तर सारखी सोबत असते," मी म्हणाले. "मला कधीच जाणवलं न्हाई."

पुढं मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या. आणि काय सांगू — गोळ्यांनी फरक पडला. खांदा सैल झाला, चेहऱ्यावर हसू परतलं, ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. या आजारावर इलाज नाही, असं मी स्वतःला बजावत आले होते. सांगून तरी काय उपयोग, असं. इलाज नाही हे खरंच आहे. पण औषधानं चांगले जाणारे दिवस असतात, आणि मनगट धड असताना ते तिला मिळाले असते. तसे दिवस वर्षभराहून जास्त मी तिच्याकडून काढून घेतले. मनगट नीट बसलं नाही. आता लेन्स फिरवायला डावा हात वळत नाही. कॅमेरा तिच्या कपाटात आहे.

प्रशांतची लातूरला बदली झाली, ते सगळे तिकडं गेले. मी अधूनमधून बसनं जाते. मागच्या खेपेला दुपारी आम्ही दोघीच होतो. शकू पलंगावर टेकून बसली होती, बोलणं आता जरा पुटपुटल्यासारखं झालंय. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "रत्ना, चित्रं मी कंटाळून सोडली नव्हती. रेघ हलायला लागली होती. मला लई भेव वाटलेलं. तुझ्या सासऱ्यांचं झालं तसं तर न्हाई ना, असं मनात यायचं."

मी तिच्या चादरीची घडी सारखी करत होते.

"मग दुकानात तू म्हणालीस, कॅमेऱ्याचा दोष हाय. तुझ्या घरात ते दुखणं होऊन गेलेलं. तुला दिसल्याबिगर राहिलं नसतं. म्हणून मी निर्धास्त झाले बघ." ती थोडं हसली. "तुझं तरी काय चुकलं. माझंच नशीब."

तेव्हा सांगायचं होतं. तिनं दार उघडून धरलं होतं, याहून जास्त कुणी काय करावं? मी म्हणाले, "झोप जरा. बोलून दमलीस."

संध्याकाळी वैशालीनं मला स्कूटीवरून बसस्टँडला सोडलं. सासूचं सगळं तीच करते. गोळ्यांच्या वेळा, व्यायाम, रात्रीचं कूस बदलणं. मी जे कधीकाळी करत होते, ते सगळं. वाटेत तिनं शकूसाठी फळं घेतली, त्यातली दोन माझ्या पिशवीत टाकली. नांदेडची गाडी लागलेली होती. मी चढणार तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुम्हाला खरंच दिसलं नव्हतं?"

गाडीत जागा धरायला माणसं रेटत होती. मी तिच्याकडं बघून म्हणाले, "न्हाई गं. खरंच न्हाई."

तिनं श्वास सोडला. तिचे डोळे भरून आले होते. "मला इतके दिवस वाटायचं, तुम्हाला दिसायलंय आणि तुम्ही बोलंना गेलात. लई वाईट वाईट विचार केले मी तुमच्याबद्दल. माफ करा, मावशी."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे," म्हणाले.

म्हणजे, मी तिला माफ केलं.